पोत्याच्या तळातली बडीशेप

प्रिय रोझाल्बा,

प्रिय म्हटलंय ते रीत म्हणून, हुरळून जाऊ नकोस. पालेर्मोत येऊन गेलीस, आईच्या मसाल्याच्या ठेल्यापासून चार पावलांवर उभी राहिलीस आणि तोंड न दाखवता जर्मनीला परत गेलीस. शाब्बास! इतक्या वर्षांचा अबोला कमी पडला म्हणून आता लपाछपी?

मंगळवारी ऐन गर्दीत एक पोरगी आली. पिवळे केस, खरचटलेला गुडघा. शाळेत कविता म्हणतात तसं घडाघडा सुरू झाली, "बुओनजोर्नो सिन्योरा. शंभर ग्रॅम बडीशेप द्या. केशराची एक पुडी द्या. आभारी आहे." मी म्हटलं, आलं आणखी एक पर्यटकांचं कार्टं. वरवरची बडीशेप भरायला घेतली, तर बया एकदम आपल्या बाजाराच्या बोलीत म्हणते, "वरची नको गं मावशी, वास उडालाय तिचा. पोत्याच्या तळातली काढ!"

माझा हात तिथंच थांबला. हे मी तुला शिकवलं होतं, दुसऱ्यांच्या ठेल्यावर कुणी फसवू नये म्हणून. ते तू तिला माझ्याच ठेल्यावर म्हणायला लावलंस? नीट बघितलं, तर हनुवटी थेट तुझ्या बाबांची. तुझा नवरा मला पसंत नव्हता, आजही नाही. म्हणून काय नातीला गिऱ्हाईक करून पाठवायचं? लाज कशी वाटली नाही तुला!

शेजारचा मासेवाला नीनो नंतर सांगतो, "मावशी, तुमची रोझाल्बा माझ्या पेट्यांमागं उभी राहून रडत होती." रडत होती म्हणे! चार पावलं यायला पाय मोडले होते?

तुझ्यापेक्षा ती पोर धीट. पाठ केलेलं सगळं म्हणून झालं, पुडी हातात आली, तरी हलेना. मग तू न शिकवलेलं काहीतरी जुळवत, अडखळत विचारलं तिनं, "सिन्योरा, तुम्हाला नातवंडं आहेत?" मी हातातलं माप खाली ठेवलं. तेवढ्यात मागचं गिऱ्हाईक खेकसलं, आणि मी वळून बघते तो ती गेलेली.

म्हणून हे पत्र. आठवडा झाला, पोरीला उत्तर मिळालेलं नाही, आणि मला घास जात नाही. तुझ्या हाती निरोप मुळीच धाडणार नाही. नाताळात तिला घेऊन ये, मी तिच्या तोंडावर सांगेन. तुझ्याशी बोलायचं की नाही, ते तेव्हा बघू.

अजून रागातच असलेली, तरी तुझीच,
आई