शूयिनची पाळी आणि माझी मुदत

३ मार्च, शाओशिंग

शूयिनने मला बोलायला बंदी घातली आहे. तिच्या औषधाबद्दल घरात एक शब्द काढायचा नाही. म्हणून लिहिते.

माझी मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात, पाळीपाळीने रात्रपाळी. पाळी कधीच वेळेवर नव्हती, म्हणून इस्पितळातून गोळ्या मिळाल्या. दोन वर्षं घड्याळासारखी आली. मग डोकेदुखी — डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेघा. समोर गाड्यांचा फलक असताना! डॉक्टरांनीच ती गोळी बंद केली, दुसरी देतो म्हणाले. ही नको म्हणाली. ऑक्टोबरपासून पाळी नाही. पाच महिने.

आता छ्यू वैद्यबाईंचा काढा घेणार आहे. मी एकतीस वर्षं रसायन शिकवलं. म्हटलं, तीन महिने देते. पाच जूनला पुन्हा इस्पितळ.

"चालेल. पण तोवर तोंड बंद," म्हणाली.

५ मार्च

बरोबर गेले. बंदी बोलण्यावर आहे, जाण्यावर नाही.

कालव्यामागच्या गल्लीत एक खोली. वैद्यबाई एकोणऐंशीच्या, केस पांढरे, नखं स्वच्छ. आधी इस्पितळाचे कागद मागितले. रक्त, सोनोग्राफी, गरोदर नसल्याचा दाखला — सगळे वाचले. "हे नसते तर मी मनगटाला हात लावला नसता." हे मला आवडलं.

मग तीन बोटं मनगटावर. उजवं, डावं. दोन्ही वेळा बराच वेळ. जीभ पाहिली. झोप कशी, तळपाय गरम की गार, शौचाला कधी.

"रात्री तीनला काय खातेस?"

"पाकिटातल्या शेवया. तिखट घालून."

"रोज?"

"रात्रपाळी असेल तेव्हा."

मी आई. मला हे ठाऊक नव्हतं.

अकरा जिनसा लिहून दिल्या. मातीच्या भांड्यात उकळायच्या, दोनदा. आणि रात्रपाळी बदलून घ्यायची — तेही औषधातच धरा म्हणाल्या.

१४ मार्च

जिन्यात तीन मजले वास. खालची ताओ वहिनी विचारते, "कोण आजारी?" कोणी नाही म्हटलं.

आमचे फान काढ्याच्या चोथ्याचं भांडं घेऊन दारात उभे. "आमच्या गावी हा रस्त्यात टाकायचे. येणारेजाणारे तुडवून आजार घेऊन जायचे. टाकू?"

"कचऱ्यात टाका."

नवरा शिकलेला असून उपयोग काय.

२९ मार्च

काही नाही.

५ एप्रिल

आज माझी फजिती झाली. लिहून ठेवते.

वैद्यबाईंनी जीभ पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "शेंडा गेल्या वेळेपेक्षा लाल. आलं कोण देतंय?"

"कोणीच नाही," शूयिन म्हणाली.

मग सांगावंच लागलं. रोज तिच्या थर्मासमध्ये मी लाल साखर आणि आलं उकळून घालत होते. तिला सांगितलं, नुसता खारकांचा चहा. ती बिचारी पीत होती. माझ्या आईने मला तेच दिलं, तिच्या आईने तिला. बायकांचं काही बिघडलं की पोटात गारवा — इथे हे शाळेत न जाताही सगळ्यांना पाठ असतं.

"हिला गारवा नाही, बाई. उष्णता आहे. मी विझवतेय आणि तुम्ही फुंकणी घेऊन बसलाय. शाळेत कोणता विषय होता?"

"रसायन."

"मग दोन प्रयोग एकाच भांड्यात कसे केले, मास्तरीणबाई?"

शूयिन घराच्या फाटकापर्यंत हसत होती. मला राग यायला हवा होता. नाही आला. जीभ पाहून माझं स्वयंपाकघर ओळखणाऱ्या बाईवर रागावणार कसं?

६ एप्रिल

आल्याची बरणी ताओ वहिनीला देऊन टाकली.

२१ एप्रिल

शूयिनला दिवसपाळी मिळाली. रात्री दहाला झोपते. डोकेदुखी नाही. चेहऱ्यावर तेज आहे.

पाळी नाही.

१६ मे

वैद्यबाईंनी दोन जिनसा काढल्या, एक घातली. मी विचारलं, येईल ना? "येईल असं मी म्हटलेलं नाही," म्हणाल्या. इतकी वर्षं मुलींना सांगत आले — जे दिसलं तेवढंच लिहा, हवं ते लिहू नका. ते करणारं माणूस मला या खोलीत भेटायचं होतं.

५ जून

मुदत संपली. पाळी नाही. आठ महिने.

वैद्यबाईंनी इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. सगळ्या जिनसा, सगळ्या तारखा. काढा बंद.

मी म्हटलं, "अजून एक महिना द्या."

मीच म्हटलं!

"मुदत कोणी घातली होती?"

"मी."

"मग पाळा. आत वेगळं काही असेल तर माझ्या हट्टापायी पोरीचा महिना जायला नको."

त्यांची एक जाड वही आहे. पुढून लिहिलेलं — गुण आलेले. वही उलटी करून मागून लिहिलेलं — न आलेले. मागची पानं जास्त भरली आहेत. उलटी करून शूयिनचं नाव लिहिलं. शूयिन खाली बघत होती. वैद्यबाई तिला म्हणाल्या, "हे माझं अपयश आहे पोरी, तुझं नाही."

परवा नऊ वाजता इस्पितळात नंबर आहे. बहुधा पुन्हा गोळी. शूयिन जेवली नाही.

८ जून

काल पहाटे आली. गोळीशिवाय. इस्पितळात तरीही नेलं, तपासणी झाली, वेगळं काही नाही.

आज एकटीच वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी वही उलटी केली आणि मागच्याच पानावर नावाखाली तारीख लिहिली. पुढे का नाही, विचारलं. "काढा थांबल्यावर आली. माझी म्हणू कशी?"

मी त्यांना दिलं : तारीख, सात जून. इस्पितळाच्या कागदांची नक्कल. काढ्याच्या उरलेल्या चार पुड्या. सणाचे, पानात बांधलेले भाताचे सहा गोळे.

पुड्या त्यांनी परत केल्या, दिलेलं औषध परत घेत नाही म्हणाल्या. बाकी ठेवून घेतलं.