घशाचा सत्कार

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. सूड लेखी असावा, नाहीतर विसरायला होतं. मागचे दोन असेच गेले.

विषय असा. आमच्या पत्रकारिता कॉलेजात वीस तारखेला गुणवंत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे. तिघांचा. वर्तमानपत्रातून एक संपादकबाई, जनसंपर्कातून एक पीआरवाली आणि प्रसारणातून... घसा!

घसा माझा वर्गमित्र. आवाजावरून हे नाव पडलं. आता टीव्हीवर बातम्या वाचतो. पण ज्या बातमीवर तो मोठा झाला ती माझी. बस डेपोतली हरवलेल्या वस्तूंची खोली मी शोधली. दोनशे अकरा छत्र्या, एक व्हायोलिन, एक कवळी. सगळं वहीत टिपलं आणि वही घशाकडे दिली, फक्त धरायला. परत आलो तर बातमी रेडिओवर गाजलेली, त्याला बक्षीस, वर नोकरी. मी परत यायला चार महिने का लागले हा मुद्दा इथे गैरलागू. (सर्कशीच्या ट्रकबरोबर गेलो होतो.)

सूड घेणार. थंड डोक्याने.

५ मार्च
डोकं थंड होईना. प्राचार्य सरांना फोन केला. आधी ओळखलंच नाही. मग म्हणाले, हां हां, 'ती बातमी माझी आहे' म्हणत फिरतो तो ना तू? कसा आहेस? म्हणजे माझा दावा सगळ्यांना ठाऊक आहे. जनमत तयार आहे म्हणायचं.

त्यांनी विचारलं, डिग्री पूर्ण केलीस का रे? रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला.

७ मार्च
लेखी निवेदन घेऊन संपादकबाईंच्या ऑफिसात निघालो. वाटेत एका दुकानाच्या माडीवर दोराने लोखंडी कपाट चढवत होते. उभा राहिलो. मग सल्ला दिला. मग दोरच धरला. कपाट चढलं तोवर ऑफिस बंद.

पण नशीब बघा. दुकान माईक-स्पीकर भाड्याने देणाऱ्याचं. मालक म्हणाला, हात चालतात तुझे, तोंड जरा जास्त चालतं, पण ये उद्यापासून. आणि वीस तारखेचं कॉलेजचं काम त्याच्याकडेच आहे!

निवेदन कपाटाच्या पायाखाली गेलं. डुगडुगत होतं.

१० मार्च, दुपारी १.४०
आज प्रॉम्प्टर शिकलो. वक्त्यासमोर तिरकी काच असते, तिच्यावर मजकूर सरकत जातो. वक्ता वाचतो, लोकांना वाटतं मनातलं बोलतोय. सरकवणारा मी.

मालक सांगत होता, तुमचा घसा नावाजलेला आहे. काचेवर येईल ते वाचतो. एकदा टाइप करणाऱ्याने खाली 'पंखा बंद करा' लिहिलं होतं, तर यांनी तेही गंभीर आवाजात देशाला सांगितलं.

हे ऐकलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. घसा स्वतःच्या तोंडाने चोरी कबूल करणार. सगळ्या कॉलेजासमोर. मी फक्त बटण दाबणार.

ताईला सांगितलं. (सध्या तिच्याकडेच राहतो. तात्पुरता. तिसरं वर्ष.) ती म्हणाली, सूड राहू दे, आधी गॅलरीतली तुझी बॅग उचल.

११ मार्च
मजकूर लिहायला बसलो. बॅग तिथेच.

१३ मार्च
मजकूर राहिला. मालकाचा टेम्पो दुसऱ्या गावी निघाला होता, सहज चढलो. तिथला दीपस्तंभ बघितला. सूड घेणाऱ्याने उंचावरून जग पाहिलेलं बरं.

१६ मार्च, रविवार
पहिला मसुदा तयार. 'मित्रांनो, आज कबूल करतो. ती बातमी माझी नव्हती. ती त्याची होती.'

वाचून मीच पेटलो. त्याची? कोणाची त्याची? माझी! आयुष्यभर ओरडून सांगतोय माझी, आणि आता माझ्याच हाताने माझ्याच बातमीला 'त्याची' लिहू? हात धजेना. खोडलं. सरळ 'माझी' केलं. मग लेखणी अशी सुटली की विचारू नका.

'ती बातमी माझी आहे. तिच्यावर जो हक्क सांगत फिरतो तो चोर आहे. मी ज्याला मित्र मानलं त्यानेच माझा घात केला. तो आज याच सभागृहात आहे. लाज असेल तर त्याने मान खाली घालावी.'

ताई आणि भाऊजींना वाचून दाखवलं. भाऊजींनी पेपर खाली ठेवला (प्रथमच). ताईने विचारलं, हे बोलतंय कोण? म्हटलं, मी! आणखी कोण? ती म्हणाली, मग ठीक आहे.

१९ मार्च
रंगीत तालीम. घसा आला नाही, पीआरवाली आली. कार्यक्रमाची सगळी सूत्रं तिच्याकडे. मला म्हणाली, छान, कुणीतरी शांत माणूस आहे मशीनवर. मी शांत हसलो. तसं हसणं आरशात करून पाहिलं होतं.

२० मार्च, संध्याकाळी ४.५०
सभागृह भरलंय. मी डाव्या कोपऱ्यात, टेबलावर दिवा, समोर मशीन. पहिल्या रांगेत सर. घसा सुटाबुटात. मला पाहून हात केला. कर बाबा, शेवटचा कर.

२० मार्च, संध्याकाळी ६.१५
नीट लिहितो.

संपादकबाई झाल्या. पीआरवाली झाली. घसा उठला. आभाराच्या दोन ओळी सोडल्या आणि लगेच माझा मजकूर सोडला.

घशाने वाचला. एकही शब्द न गाळता. काय आवाज! 'ती बातमी माझी आहे.' मी मनात म्हटलं, हो, माझी! 'जो हक्क सांगत फिरतो तो चोर आहे.' मी म्हटलं, आहेच! 'तो आज याच सभागृहात आहे.' मला भरून आलं.

मग जरा विचित्र झालं. लोक घशाकडे बघत नव्हते. सर मागे वळले. सर वळले म्हणून पहिली रांग वळली, मग सगळेच. डाव्या कोपऱ्याकडे. टेबलावर दिवा असल्याने मी छान दिसत होतो.

घसा काचेवर म्हणाला, म्हणजे काचेकडे बघून म्हणाला, 'लाज असेल तर त्याने मान खाली घालावी.' मी मान खाली घातली. बटण बघायला! मजकूर संपला होता, पुढची ओळ शोधत होतो. लोकांना काय, कबुलीच वाटली.

मग घसा आयुष्यात प्रथमच न वाचता बोलला. म्हणाला, जाऊ दे, मी त्याला केव्हाच माफ केलंय. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या. संपादकबाईंनी डोळे पुसले.

२१ मार्च
पंधरा फोन. सर म्हणाले, बाळा, चूक कबूल करायला धैर्य लागतं. मालक म्हणाला, दोर धरायला ये, मशीनला हात लावू नकोस. ताई म्हणाली, 'मी' म्हणजे जो वाचतो तो, इतकं साधं कळलं नाही का रे गाढवा? म्हटलं, तेव्हा का नाही बोललीस? म्हणाली, मला वाटलं तूच वाचणार आहेस.

घशाला फोन केला. वही तुझ्याकडेच ना, विचारलं. म्हणाला, वही कधीच परत द्यायची होती रे, तू सापडतच नव्हतास. एवढं म्हणून स्टुडिओत गेला.

२४ मार्च, सकाळी १०
पीआरवाली घरी आली. प्रकरण चिघळू नये म्हणून माफीनामा तयार करून आणलाय. 'सदर बातमीवर मी अनेक वर्षे हक्क सांगत फिरलो, याबद्दल दिलगीर आहे.' संपादकबाई छापायला तयार. मी ठणकावून सांगितलं, सही करणार नाही. प्राण गेला तरी.

सकाळी १०.२५
तिने सांगितलं की माफीनाम्याबरोबर ती मूळ बातमीही छापणार आणि त्या मजकुराखाली माझं पूर्ण नाव ठळक अक्षरात येईल. सात वर्षं दुसरं काय मागत होतो?

सही केली. फोटोही दिला.