आदितीचं पुस्तक सरळ केलं

८ जानेवारी, गुरुवार
नातीचं पुस्तक आलं पोस्टानं! आमच्या आदितीनं लिहिलंय, जी माझ्या भिंतीवर कोळशानं रेघोट्या ओढायची! मागं फोटो हाय. केस बारीक केल्यात, जाऊ दे. फुडल्या रविवारी, १८ तारखेला, कोल्हापुरात प्रकाशन. कळंब्याला घरी जेवाय ये म्हटलं, तर "बघते आजी" म्हणाली. बघते म्हंजे येतेच. तवर सगळं वाचून काढणार. दुसरी पास हाय मी.

९ जानेवारी
टेक्नो थ्रिलर म्हणत्यात त्याला. एक पोरगी मोबाईलवर बोट ठेवती आन् थेट जुन्या पन्हाळ्यावर! तिथं देवीचा हार चोरीला गेलाय. एक पान झालं. चष्मा जुना हाय.

११ जानेवारी, रविवार
घोटाळा! पयला धडा २०२५ सालातला, दुसरा १७८२, तिसरा परत २०२५. छापखानेवाल्यानं पानं उलटीपालटी बांधल्यात. वर आकडे मातर ओळीनं टाकल्यात, चूक झाकाय! आदितीला फोन लावला. मीटिंगमधी हुती. शेजारची चिमणाबाई म्हणाली, प्रभाक्का, तुमाला कळंना झालंय, गप ठेवा ते. हिच्या घरात कोण लेखक हाय?

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घ्याय कोण आलं न्हाय. बरंच झालं, दिवस मोकळा गावला. ब्लेडनं पुस्तक उसवलं, सालवार पानं लावली, दाभणानं गोधडीगत पक्कं शिवलं. आता चोर पयल्याच धड्यात कळतोय. गडावरचा कारकूनच! मग फुडचं कशाला वाचायचं? झालं वाचून. आदितीला हेच भेट देणार. हरखून जाईल पोरगी.

१७ जानेवारी
फोनवर बजावलं, दिवस मावळायच्या आत ये, आपल्या जैनांत रातचं जेवत न्हाईत. तर म्हणाली, माहिताय गं आजी, बघते.

१८ जानेवारी, रविवार, दुपारी साडेचार
कार्यक्रमाला गेले न्हाय. पोळ्या कोण लाटणार? पुरणपोळी, कटाची आमटी, वाटी भरून दूध. दोन ताटं मांडली. तिच्या ताटाशेजारी शिवलेलं पुस्तक.

सहा
चिमणाबाई डोकावून म्हणाली, अक्का, तुमी तरी जेवून घ्या की, दिवस बुडाय लागलाय. म्हटलं, नात दारात यायची आन् मी जेवत बसलेली, बरं दिसंल व्हय?

सात
आदितीचा फोन. प्रकाशकाच्या मंडळींस्नी परतायची घाई हुती, तिला घेऊन गाडी कऱ्हाडपर्यंत गेली बी. पुस्तक सरळ केलं म्हणून सांगितलं. तशी ती हसली. म्हणाली, आजी, ते मुद्दामच तसं होतं गं. पुढच्या वेळी यायला जमतं का बघते.

दिवस कवाच मावळलाय. आता मला जेवाय चालत न्हाय, आन् रातचं शिळं सकाळी चालत न्हाय. दोन्ही ताटं चिमणाबाईला दिली.

टाके उसवाय बसले. पानावरचे आकडे बरोबर हुते.