तळ्यातल्या चोरांचे फोटो

४ फेब्रुवारी

काय गं वही, ओळखलंस का? नाहीच ना! चार दिवस कपाटात झोपलीस की तुझं डोकं कोरं. परवा एवढं घसा कोरडा करून सांगितलं, त्यातलं एक अक्षर तुझ्याजवळ नाही. सूनबाई म्हणते, "अहो आई, परवा मी लिहिलंच नव्हतं, दूध उतू चाललं होतं." मग मी कुणाशी बोलत होते? दुधाशी?

तर पुन्हा सांगते. मला लिहिता येत नाही. मी बोलते, सून लिहिते. आमचं ठरलंय — तिच्याबद्दल मी काहीही बोलले तरी तिनं खोडायचं नाही, आणि यातलं अवाक्षर नवऱ्याला सांगायचं नाही. नवरा म्हणजे माझा थोरला. बघू किती दिवस दम धरते! लिही, हेही लिही.

५ फेब्रुवारी

धाकट्या लेकीनं शहरातून फोन पाठवला तेव्हापासून मी फोटो काढते. अक्षर येत नसलं म्हणून काय झालं, बोट आहे ना! बगळा काढला. दव पडलेलं कोळ्याचं जाळं काढलं. शेजारच्या म्हशीचं तोंड काढायला गेले, ती वळली, जे आलं ते पाठवलं. धाकटीनं त्यालाही हृदय पाठवलं. तिला बेडूक पाठवा, शेण पाठवा, हृदय ठरलेलं. बघते तरी का कोण जाणे.

फोनमधली नावं मला वाचता येत नाहीत. मी चित्रं ओळखते. मी फोटो काढलेलं सूर्यफूल दिसलं की तो आम्हा तिघींचा गट — मी, सून, धाकटी. मासा दिसला की तळेवाल्यांचा, बावीस बाप्ये. आमचं मासे पाळायचं तळं माझ्या नावावर आहे म्हणून मलाही त्यात कोंबलंय. तिथे दिवसभर खाद्य आणि औषध. एक फोटो बघण्यासारखा नाही.

७ फेब्रुवारी

तळ्यातले मासे चोरीला जातायत. थोरला सकाळी काठावर अर्धवट खाल्लेले मासे आणि खवले गोळा करतो आणि शिव्या देतो. "सुतारच असणार!" सुताराचं घर तळ्याच्या पलीकडे, एवढाच त्याचा गुन्हा.

मी म्हटलं, "अरे, सुतार अर्धा मासा टाकून जाईल का? तो ताटसुद्धा चाटून ठेवतो."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस, आई."

चोर मला ठाऊक आहेत. तीन आठवडे झाले! एक आई, दोन पिल्लं. पाणमांजरं. आईचा मागचा एक पाय लंगडा. मिशा आणि तोरा डिट्टो माझ्या मोठ्या नणंदेसारखा — ती पण दुसऱ्याच्या घरी अशीच हक्कानं जेवायची. उजाडता उजाडता येतात, दोन्ही हातांत मासा धरून कराकरा खातात, की गेली वेताच्या बेटात.

थोरल्याला सांगत नाही. गेल्या वर्षी खालच्या तळ्यावर असंच एक मारून कुंपणाला टांगलं होतं. त्याचा फोटो मी काढला नाही.

९ फेब्रुवारी

सून आज दोनदा नवऱ्यासमोर "पाण..." म्हणून थांबली. दोन्ही वेळा पाणी आणायला गेली. आता थोरल्याला तहान लागत नाही, तरी पितो बिचारा.

११ फेब्रुवारी

आज काय सापडलं म्हणून सांगू! लंगडी पिल्लाला पोहायला शिकवत होती. मानगूट धरलं, पाण्यात बुचकन टाकलं. ते ओरडत काठावर आलं. पुन्हा धरलं, पुन्हा टाकलं. अगदी धाकटीला मी विहिरीत टाकली होती तसंच. तीही अशीच बोंबलली होती. आता म्हणे रोज पैसे भरून पोहायला जाते.

फोटो एकदम स्वच्छ. आई, दोन्ही पिल्लं, मागे आमचा पंप. सूर्यफुलावर बोट ठेवून पाठवून दिला.

११ फेब्रुवारी, दुपार

मेले! मेले! सूनबाई, लिही.

थोरल्याला माझं सूर्यफूल फार आवडलं होतं. काल त्यानं ते कौतुकानं तळेवाल्यांच्या गटालाही लावलं. मासा काढला, फूल बसवलं! मला म्हणे खूश करायचं होतं. फोनमध्ये दोन सूर्यफुलं झाली आणि मी वरच्यावर बोट ठेवलं.

बावीस बाप्ये. एकानंही हृदय पाठवलं नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी सहा जण अंगणात. "आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे." "सापळा लावा, नाहीतर आम्ही कुत्री आणतो." मागचा पंप बघून जागा पण बरोबर ओळखली मेल्यांनी. माझा फोटो स्वच्छ येतो, त्याला मी काय करू!

सगळे गेल्यावर थोरला माझ्यासमोर बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"किती दिवस ठाऊक होतं?"

"महिना होत आला."

"आणि मी सुताराला चोर म्हणत फिरतोय!"

"मी सांगत होते, तो ताट..."

"आई!"

उठून सुताराकडे गेला. मला वाटलं, माफी मागायला. परत आला आणि म्हणाला, सापळा सांगून आलोय. मोठा, लाकडी, वरून पडणाऱ्या दाराचा. ज्याला चोर म्हणाला त्याच्याकडूनच! आणि त्या सुतारानंही घेतलं काम!

१४ फेब्रुवारी

सापळा लावला. आत मासा. थोरल्यानं त्याचा फोटो काढून तळेवाल्यांना पाठवला. अंगठे आले, ढिगानं. मी जेवले नाही. मग जेवले. उपाशीपोटी भांडता येत नाही.

१५ फेब्रुवारी

खुर्ची, शाल आणि फोन घेऊन उजाडायच्या आत बांधावर. थोरला म्हणाला, "घरी चल, गारठशील." मी म्हटलं, फोटो काढायचेत. लंगडी दिसली की मी टाळ्या वाजवते, खोकते, नणंदेला हाक मारतात तशी हाक मारते. पळून जातात. दिवसभर अंग आंबलं.

१६ फेब्रुवारी

पुन्हा बांधावर. सुतार पलीकडून म्हणाला, "मावशी, घरी जा हो, काही होत नाही." मी त्याच्याशी बोलत नाही.

१७ फेब्रुवारी

ताप. सुनेनं कोंडून ठेवलंय. लिही — कोंडून ठेवलंय! लंगडी येईल, पिल्लं तिच्या मागे जातील. त्यांना मीच दाखवून दिलं. बाकी काही बोलायचं नाही आज.

१८ फेब्रुवारी

डोळा चुकवून गेले. पिल्लं सापळ्यात! जवळ गेले तर दोघं आत मासा खाऊन झोपलेली, लंगडी दारात बसून मिशा पुसतेय. दार वरच! मला बघून तिघं सावकाश निघून गेली. फोटो काढला, घरी येऊन दोन बोटांनी मोठा केला. दाराला आरपार स्क्रू मारलेला.

सुताराला जाऊन धरलं. "तुमच्या थोरल्यानंच मारून घेतला, मावशी. म्हणाला, तळेवाल्यांना सापळा दिसला पाहिजे, पण दार पडता कामा नये. आणि आईला सांगू नकोस, ती फोटो पाठवत सुटते."

हे ऐकून सूनबाईला नवल वाटलं नाही. मान खाली घालून लिहितेय. हो, तुझ्याबद्दलच आहे. लिही!

आजचा फोटो कुणालाही पाठवला नाही. धाकटीला तेवढं कळव — गोडधोड पाठवतेस ते नको, मासे पाठव म्हणावं. सुकवलेले, पिशवीभर. आमच्या तळ्यातले आता आमच्यापर्यंत पोचायचे नाहीत.