तोंडात पाणी धरून शिकवलेलं इंग्रजी

केडगाव,
बुधवार

प्रिय रूथताईस सायमनचा सप्रेम सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? (फोनवर तू दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून पत्र.) इकडे देवकृपेने सगळे ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे आठ दिवस मला एका जागी बसवत नाही. एवढ्या चार ओळी लिहीपर्यंत दोनदा अंगण झाडून आलो.

तुला माहीतच आहे, रिटायर झाल्यावर मी पुढच्या खोलीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढला. विद्यार्थी सहा. त्यांतली निकिता नर्स. परदेशातल्या इस्पितळासाठी तिला मोबाईलवर मुलाखत द्यायची होती. तीन महिन्यांत तिने एक दिवस चुकवला नाही. मुलाखत झाली आणि पोरगी रडत दारात उभी! पलीकडच्या बाई म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. हिने न अडखळता सांगितलं, की माझा जन्म मिरजगावचा, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, मी छत्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले. (ताई, ही सगळी माझी माहिती. व्याकरण मात्र निर्दोष.)

"सर, दुसरं काही कानावर पडलंच नाही," ती म्हणाली. "माझं एक तरी वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलंत का?"

त्या बाई भल्या. आठ दिवसांनी पुन्हा बोलू म्हणाल्या. मला मात्र जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी मी तोंडात पाण्याचा घोट धरूनच वर्गात शिरलो. पाच मिनिटं नुसता पंखा फिरत होता. मग कडूबाई उठल्या. (त्यांची नात परदेशात वाढतेय, तिला मराठी येत नाही, तिच्याशी बोलता यावं म्हणून ही बाई कांद्याची खुरपणी उरकून येते.) म्हणाल्या, "माय हसबंड टॉक. आय लिसन. थर्टी इयर. हिअर ऑल्सो सेम." पाणी माझ्या नाकातून आलं. वर मराठीत म्हणाल्या, "सर, तुमी लई ग्वाड बोलता, पन आमी कवा बोलायचं?"

मी पुन्हा घोट घेतला. मग एकेक जण बोलू लागला. चुका अशा, की मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. निकिताने वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तो कुणाच्याच हातून जेवत नव्हता. हिने त्याला महिनाभर चमच्याने पेज भरवली. तीन महिने माझ्यासमोर बसलेली ही मुलगी मला ठाऊकच नव्हती, ताई. काल तिने हेच त्या बाईंना सांगितलं. अडखळत, चुकत, पण स्वतःचं. नोकरी मिळाली!

तेव्हा तुझा भाऊ आता ऐकणारा माणूस झाला आहे, हे सर्वांना सांग.

तुझा,
सायमन

ता.क. वर्गात गिळलेलं सगळं घरी बाहेर पडतं. तुझी भावजय कृपा परवापासून कानांत कापूस घालून भाकऱ्या थापते. चार दिवस तुझ्याकडे येऊ का? तुला काही करायचं नाही, नुसतं समोर बसायचं.

ता.क. २ कृपा म्हणते, आधी ताईंना बोलू द्या, त्यांचं उत्तर येऊ द्या. ते मी "हो" असंच धरलं आहे. पत्र पेटीत टाकून तसाच स्टँडवर जातो. बहुतेक पत्राआधी मीच पोचेन.