काचेची बोडी

प्रिय आचल,

हे पत्र मी तुझ्या आईच्या खाटेजवळ बसून लिहितो आहे. ती झोपली आहे आणि तिच्या उशाशी काचेच्या पेटीत बारीक मासळ्या फिरत आहेत. खिडकीतलं ऊन पेटीवर आलं की पाण्याचा उजेड भिंतीवर हलायला लागतो, मग हळूहळू खाली उतरून तिच्या गालावर येतो. दुपारभर हेच चालतं आणि मी कामधंदा सोडून बघत बसतो. तुमच्या धानोऱ्याकडच्या जंगलात टॉवर नाही, तुझ्या आरोग्य उपकेंद्राचा फोन लागत नाही, म्हणून पत्र. मच्छीमार सोसायटीच्या सभांचे वृत्तांत लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं आहे. सोसायटीचा मला झालेला तेवढाच एक फायदा.

आईला लकवा मारल्याचं तुला कळलं होतं, हे मला ठाऊक आहे. चंद्रपूरच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन तू परत गेलीस. तुझा चुलतभाऊ चैतू तेव्हा डबा घेऊन येत होता, त्याने तुला ऑटोत बसताना पाहिलं. मला राग आला नाही गं. तुझे विनोदराव जातीने गोंड, आपण ढिवर, एवढं एकच तिला खुपलं, आणि तू लग्न करून पाया पडायला आलीस तेव्हा अंगणात उभी राहून ती सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मले पोरगी नाई." ते ऐकलेल्या माणसाचा पाय पुढे कसा पडेल? त्यानंतर आमच्या घरात तुझं नाव निघालं नाही. आणि मग तिची बोलीच गेली. मूल गावच्या बाजारात मासळी विकताना जिच्या आवाजापुढे भल्याभल्या गिऱ्हाइकांनी हात टेकले, ती बाई छताकडे बघत पडून राहायची. मी समोर आलो तरी नजर माझ्यातून आरपार जायची.

दवाखान्यात बसायच्या खोलीत एक काचेची पेटी होती, सोनेरी मासे असलेली. तिला चाकाच्या खुर्चीवरून नेताना आम्ही तिथे थांबलो, तर तिचे डोळे माशाच्या मागे मागे फिरायला लागले. तो इकडे, हिचे डोळे इकडे. तो तिकडे, हिचे तिकडे. मी डॉक्टरबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "बघू द्या, बोलत राहा, आणखी काही हातात नाही." त्याच दिवशी मी ठरवलं की घरी पेटी करायची. विकत का आणली नाही म्हणशील. दुकानातली पेटी खाटेच्या उंचीला बसेना, हे एक. आणि जाळं स्वतः विणणारा, डोंगा स्वतः दुरुस्त करणारा माणूस पाणी ठेवायची पेटी विकत आणणार? मला लोकांनी नावं ठेवली असती.

मग काय, नावं ठेवायला त्यांना भरपूर मिळालं. मूलच्या काचवाल्याकडून जाड काच कापून आणली, एक तळाची आणि चार बाजूंच्या. कडा ओल्या पॉलिश पेपरने घासल्या. आणि सांधे भरले डांबराने! डोंग्यात पाणी शिरू नये म्हणून आपण फटींना डांबरच लावतो, मला दुसरं सुचलंच नाही. पाणी थेंबभर गळलं नाही, मी अंगणात छाती काढून फिरलो. पण दुसऱ्या दिवशी पाण्यावर तेलाचा रंगीत पापुद्रा आला आणि आत सोडलेले मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागले. शेजारचा लटारू कुंपणावरून म्हणतो कसा, "मनसारामभाऊ, एक कांदा टाक, रस्सा तयारच हाय." ते मासे मी बादलीत घालून धावत तलावावर सोडून आलो. आयुष्यात पहिल्यांदा तलावात मासे टाकायला धावलो असेन. काचवाला पोट धरून हसला आणि त्याने सिलिकॉनची नळी दिली. डांबर खरडून काढण्यात माझी बोटं सोलली. सिलिकॉनला लोणच्यासारखा आंबट वास येतो, आणि तो वास जाईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. मला धीर कुठला! रोज जाऊन हुंगायचो. शेवटी पेटीखाली थर्माकोल घातला, धुतलेली रेती पसरली, तलावातलं शेवाळ रोवलं, बुडबुड्यांची मोटर लावली आणि बोटाच्या पेराएवढ्या मासळ्या सोडल्या. आपण शेतात पाणी साठवायला बोडी खोदतो ना, तसं लटारूने पेटीचं नाव ठेवलं काचेची बोडी. येता-जाता विचारतो, "बोडी कधी उपसता, भाऊ?"

आचल, तुला एक गंमत सांगतो. मी जन्मभर मासे धरले, पण मासा पाहिला कधीच नव्हता. वरून त्याची काळी पाठ दिसायची, नाहीतर जाळ्यातली तडफड. आपल्या मनाने, कुणाला न भिता, बाजूने जाणारा मासा आता पाहतो आहे. तो थांबतो तेव्हाही त्याचे कानाजवळचे पंख हलत असतात. एखादी मासळी शेवाळात शिरते आणि बराच वेळ बाहेर येत नाही, तेव्हा मलाही झोप लागल्यासारखं होतं. लाईन गेली की मोटर बंद पडते, मग मी लोट्याने पाणी काढतो आणि उंचावरून परत आत सोडतो, काढतो आणि सोडतो, आणि तुझ्या आईशी बोलत राहतो. कोणाच्या जाळ्यात काय आलं, धान कसं आहे, कोणाच्या घरी पाहुणे आले. ती ऐकते की नाही ते कळायचं नाही. मी काही साधू झालो नाही हं, रोज मासे धरतो आणि खातोही. फक्त जेवताना पेटीकडे पाठ करून बसतो.

पुढे लटारूला काय वाटलं कोण जाणे, तो एक दिवस लोट्यात मरळ माशाचं लालसर पिल्लू घेऊन आला. एवढंसं, काडीसारखं. "वहिनीले दाखवाले आणलं," म्हणाला. त्याचा शब्द मोडवेना, मी सोडलं पेटीत. काही दिवसांनी मासळ्या कमी व्हायला लागल्या. मी मांजरीवर आळ घेतला. पेटीवर जाळी टाकली, मांजरीला काठी दाखवली, तिला दिवसभर शिव्या दिल्या. असाच एका दुपारी शिव्या देत होतो, तर मागून आवाज आला, जाडा, अडखळत, पण स्पष्ट. "मांजर नाई. मरळ." मी वळलो. तुझी आई माझ्याकडे बघत होती, आरपार नाही, माझ्याकडे. आणि म्हणाली, "काढ त्याले. लहान लहान पोट्टे खाऊन टाकन." इतक्या महिन्यांनी बोलली ती माझी चूक काढायला! मी पेटीत हात घातला तेव्हा मला पाणी कुठलं आणि डोळे कुठले ते समजत नव्हतं. मरळीला घेऊन तलावावर गेलो आणि काठाच्या पाळीवर बसून रडलो, सांगायला लाज कसली.

तेव्हापासून शब्द येत आहेत, थोडे थोडे. पाणी मागते, मला नावं ठेवते. आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या शनिवारी तिने दाराकडे बघून विचारलं, "आचल काऊन आली नाई?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ती रोज विचारते. तिच्या लेखी तू अजून गडचिरोलीला नर्सचं शिकते आहेस आणि शनिवारच्या गाडीने येणार आहेस. तुझं लग्न तिला आठवत नाही. अंगणात उभी राहून काय बोलली, तेही आठवत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, बोली परत येते आहे तसं बाकीचंही येईल, कधी ते सांगता येत नाही. मी तिला काही सांगितलेलं नाही, आणि तू खोटं बोल असंही म्हणत नाही. विनोदरावांना घेऊन ये. हा कोण म्हणून ती विचारेल, तेव्हा तूच सांग. उशीर का केला म्हणून रागावेल, ते ऐकून घे. बाकीचं तिला आठवेल तेव्हा आठवेल, बेटा. पण आठवेल त्या वेळी तू तिचा हात धरून जवळ बसलेली असावीस, एवढंच मला वाटतं.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
बाबा