जाऊबाईची शाल

मार्गशीर्ष, गुरुवार

आज उपास, पण मन स्वच्छ नाही. कहाणी वाचतानाही तीच लाल शाल डोळ्यांपुढे.

पुण्याला शिकणाऱ्या माझ्या लेकीनं, मेघानं मला तिच्या मोबाइलच्या खेळात घेतलं. तेवढंच रोज भेटणं. तिथं तिला शाल विणून द्यायची म्हणून मी खेळातल्या रानात कापूस वेचते, सूत काढते, शाल विणण्याइतका हात बसावा म्हणून एकेक वस्तू नीट विणत शिकते. आमच्या शेतातल्या बीटी कापसाला बोंडअळी लागली, तिथल्या कापसाला लागत नाही, हे एक बरं. धाकटी जाऊ सुमन माझ्या मागून खेळात आली. तिनं तिथल्या बाजारातून आयतं सूत घेतलं, ढीगभर पायपुसणी विणली अन् फेकली.

"काऊन फेकून राह्यली वं?"

"पायपुसणं कोनाले पायजे, ताई? हात बसला म्हंजे झालं."

बसला. माझ्याआधी तिची शाल झाली, मेघाला दिलीही. आज खेळात मेघा तीच पांघरून आली. लाल. शोभत होती, हेही खरं.

"आई, तुही शाल झाली काय?"

दुपारीच झाली होती. "नाही वं, वेळ लागन अजून," म्हटलं. उपासाच्या दिवशी खोटं बोलले. पण माझी घेऊन तिनं सुमनचीच पांघरली असती, तर मला पाहवलं नसतं.